गोचीड जातात आणि तीन आठवड्यांनी परत येतात, त्याचं काय करायचं?

पाऊस सुरू झाला की नाशिकमध्ये कुत्रं पाळणाऱ्या घरांतून एकच रडगाणं ऐकू येतं. डॉक्टरांकडे नेलं, औषध लावलं, अंग स्वच्छ झालं, पंधरा-वीस दिवस बरे गेले आणि मग एका संध्याकाळी कानामागे खाजवताना बोटाला पुन्हा गाठ लागली. मग औषधाला शिव्या, डॉक्टरांना शिव्या. औषध बदललं जातं, डॉक्टर बदलले जातात आणि महिन्याभरात गाडी पुन्हा तिथंच. दत्तक घेतलेलं पिल्लू पहिल्याच पावसाळ्यात परत द्यायला निघालेले लोक बघितलेत, कारण विचारावं तर हेच. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बहुतेक वेळा औषधात खोट नसते. आपण इलाज करतो कुत्र्यावर, आणि गोचीड राहतात घरात.

शहरातल्या कुत्र्यांवर सर्रास दिसतो तो तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. याला गवत, झाडी, गोठा काही लागत नाही. चार भिंतींच्या आत त्याचा अख्खा जन्म निघतो. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर, सहा पायांचं. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं आणि खाली पडतं. फटीत शिरून कात टाकतं, आठ पायांचं होतं, पुन्हा चढतं, पितं, पडतं. पुन्हा कात, आणि मग पूर्ण वाढलेला नर किंवा मादी. मादी तिसऱ्यांदा चढते. तीनएक मिलिमीटरची ती आठवडाभरात रक्त पिऊन सेंटीमीटरभर फुगते, करडी आणि टरारलेली. सुटून पडली की अंधारी जागा गाठते, हजारो अंडी घालते आणि मरते.

आता हिशोब लावा. तीन वेळा चढणं मिळून तो कुत्र्यावर असतो काही दिवस, आणि फटीत असतो आठवडेच्या आठवडे. तुम्ही औषध लावलं त्या दिवशी घरातल्या एकूण गोचिडांपैकी थोडेच अंगावर होते. ते मेले. बाकीचे कात टाकत बसलेले होते, ते दोन-तीन आठवड्यांनी भुकेले होऊन बाहेर आले. परत आले असं आपण म्हणतो, पण ते कुठे गेलेलेच नव्हते. पूर्ण वाढलेला गोचीड तर काही न खाता महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे ‘कुत्र्याला महिनाभर गावी ठेवलं, घर बंद होतं, तरी आलेच कसे?’ याचं उत्तर एवढंच की ते वाट बघत होते.

थंडीत जातील या आशेवर बसू नका. निफाडला पारा खाली आल्याच्या बातम्या येतात तेव्हा तुमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याखाली चांगलं उबदार असतं. थंडीत त्यांची वाढ मंदावते, पण ते संपत नाहीत.

आधी बघा, परत येतात ते कधी

इलाज ठरवण्याआधी एवढं एक ठरवा. यावरून निम्मं निदान होतं.

गोळी दिल्यावर दोन दिवसांत अंगावर जिवंत गोचीड दिसला, तर घाबरण्याचं कारण नाही. चघळायच्या गोळ्या (ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका या गटातल्या) रक्तात उतरतात. गोचिडाने चावल्याशिवाय औषध त्याच्या पोटात जात नाही, आणि चावल्यावरही त्याला मरायला थोडा वेळ लागतो. गोचीड चढणारच नाही असं ही गोळी करत नाही, चढलेल्याला मारते. दिसलेला गोचीड चपटा, सुकलेला, हात लावताच सुटणारा असेल तर गोळी आपलं काम करतेय. तो चांगला फुगलेला आणि पाय हलवणारा असेल, तेही गोळी देऊन आठवडा उलटल्यावर, तर मात्र पुढे वाचा.

दोन ते चार आठवड्यांनी परत येत असतील, तर उगम घरात आहे. सगळ्यात जास्त केसेस याच.

फेरफटक्यानंतर एखाद-दुसरा सापडतो आणि एरवी काही नाही, असं असेल तर ते बाहेरून येतायत. सोमेश्वरच्या बाजूला, पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा गंगापूर धरणाच्या काठाने कुत्रं मोकळं सोडून फिरवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. यात घराची फवारणी वगैरे करायची गरज नसते. घरी आल्यावर दारातच तपासा आणि गोळीची तारीख चुकवू नका.

आणि चौथा प्रकार, गोळी नियमित चालू आहे तरी फुगलेले गोचीड सतत मिळतायत. इथे पहिला प्रश्न वजनाचा. दत्तक आणलेलं गावठी पिल्लू चौथ्या महिन्यात 8 किलो असतं. ब्रॅव्हेक्टोची 4.5 ते 10 किलोची गोळी त्याला बरोबर. पुढची गोळी द्यायची वेळ येते तेव्हा ते 13 किलोचं झालेलं असतं, आणि आपण मेडिकलवाल्याला जुनं पाकीट दाखवून तीच गोळी मागतो. पुढचा गट 10 ते 20 किलोचा आहे, म्हणजे औषध कमी पडलं. प्रत्येक वेळी वजन करा. घरातल्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. तसंच मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन छोट्यांना अर्धी-अर्धी देणं. पैसे वाचतात खरे, पण औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच याची खात्री नसते. ब्रॅव्हेक्टो जेवणाबरोबर द्यायची असते, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. आणि गोळी दिल्यावर पाच मिनिटं लक्ष ठेवा, कोपऱ्यात जाऊन थुंकणारे महाभाग असतात.

मानेवर थेंब टाकायचं औषध (फिप्रोनिलचं) वापरत असाल तर प्रश्न आंघोळीचा. ते औषध कातडीच्या तेलकटपणावर पसरतं. थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. दर रविवारी शाम्पू लावून चकाचक करणाऱ्यांच्या कुत्र्यांवर हे औषध टिकत नाही, त्यांनी गोळीकडे वळलेलं बरं.

घर कसं शोधायचं

रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलचा टॉर्च घ्या आणि कुत्रं जिथे झोपतं तिथून सुरुवात करा. बहुतेक जण फरशीकडे बघतात. तपकिरी गोचिडाला वर चढायची सवय असते, म्हणून नजर वर न्या. भिंत आणि छताच्या कोपऱ्यात, पडद्याच्या वरच्या चुण्यांत, दाराच्या चौकटीमागे, स्विचबोर्डाच्या कडेला, भिंतीवरच्या फोटोच्या मागे. फोटो अलगद पुढे ओढून उजेड टाकलात तर लाकडी पट्टीच्या आतल्या कडेला ओळीने बसलेले तपकिरी ठिपके दिसतील, उजेड पडताच त्यातला एखादा पाय हलवेल. त्यांच्याजवळच राखाडी सालपटं दिसली तर ती टाकलेली कात. घट्ट चिकटलेला चकचकीत तपकिरी दाण्यांचा पुंजका म्हणजे अंडी. मग सोफ्याच्या शिवणी, दिवाणाच्या फळ्यांचे सांधे, चपलांचं कपाट, आणि फरशी भिंतीला मिळते तिथली फट.

काही दिसलं नाही तरी संशय असेल तर पांढरे मोजे घालून कुत्र्याच्या आवडत्या जागी जरा वेळ फिरा. ऊब आणि श्वास यांच्याकडे ते ओढले जातात, पांढऱ्यावर लगेच दिसतात.

रो हाऊसवाल्यांनी (नाशिकमध्ये निम्मं गाव रो हाऊसमध्ये राहतं असं कधी कधी वाटतं) मागचं अंगण, धुण्याचा दगड, सामाईक भिंतीतल्या भेगा आणि कुत्र्याचं लाकडी घर सोडू नये. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत दगडांच्या सांध्यांमध्ये गोचिडांना राजवाडा मिळतो, तिथे सांधे बुजवल्याशिवाय फवारणीचा उपयोग तात्पुरताच. पांढरं सिमेंट आणून भेगा भरा, हे काम फवारणीपेक्षा जास्त टिकतं.

सापडलेले गोचीड झाडूने झाडून टाकू नका, चिकटपट्टीला चिकटवा किंवा साबणाच्या पाण्यात टाका. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फटी-कोपरे त्याने ओढा, आणि आतला कचरा तेव्हाच पिशवीत बांधून बाहेर. कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात. जुनी गोधडी असेल तर सरळ टाकून द्या, तिचा मोह नको.

मग फवारणी. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करताना ‘गोचिडांसाठी’ असं स्पष्ट सांगा. एकांनी नुसतं ‘पेस्ट कंट्रोल’ सांगितलं, माणूस आला, ओट्याखाली झुरळांचं जेल लावून पैसे घेऊन गेला. त्या जेलचा गोचिडांना काडीचाही त्रास होत नाही. फटी, चौकटी, भिंतीच्या वरच्या कडा आणि फर्निचरच्या मागच्या बाजूला डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची फवारणी हवी. अंड्यांवर तिचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात मारलाच पाहिजे. दुसऱ्या वेळी घरात काही दिसत नसतं आणि लोक ती रद्द करतात, तिथंच सगळं फसतं. फवारणीच्या वेळी कुत्रं बाहेर आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत बाहेरच. माशांची टाकी झाकून तिचा पंप बंद करा, ही औषधं माशांना फार घातक. घरात मांजर असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी सांगा. आणि कुत्र्यांचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका, मांजर जिवानिशी जातं.

फवारणीनंतर कुत्र्याला घरात येऊ द्या. लोक नेमकं उलटं करतात, ‘घर पूर्ण साफ होईपर्यंत’ त्याला मामाकडे पाठवतात. अंगात गोळीचं औषध असलेलं कुत्रं घरात असलं की उरलेले भुकेले गोचीड त्याच्यावरच चढतात आणि मरतात. ते नसलं तर फटीतले उपाशी बसून राहतात. गोळी मात्र सलग हवी. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही 12 आठवड्यांपर्यंत, तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा आणि तारीख कॅलेंडरवर मांडा. गोचीड दिसला की गोळी, ही पद्धत बंद. शेवटचा गोचीड दिसल्यानंतरही निदान तीन महिने एकही खंड पडू देऊ नका, तेवढ्यात फटीतल्या पिढ्या संपतात.

एक अडचण सांगून ठेवते. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर या गटातल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. 8 आठवड्यांपेक्षा लहान किंवा 2 किलोपेक्षा हलक्या पिल्लालाही नाही.

जे करू नका

नाशिकला हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे घरोघरी नसलं तरी मळोमळी कीटकनाशक आहे. द्राक्षबागेत मारायचं औषध ‘थोडं पातळ करून’ कुत्र्याला लावणारे आहेत. त्यातली काही औषधं कातडीतून अंगात भिनतात. लाळ गळते, अंग थरथरतं, बुबुळं बारीक होतात आणि मग धावपळ. गुरांच्या गोचिडांसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारं अमिट्राझ डॉक्टर कुत्र्यांसाठीही सांगतात, पण ठरलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून, आणि अंग वाळेपर्यंत चाटू न देता. अंदाजाने टोपणभर ओतणं नाही. मांजराला तर अजिबातच नाही. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शनही गड्याकडून टोचून घेऊ नका. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या काही कुत्र्यांना ते थेट मेंदूवर चढतं, आणि गावठी कुत्र्यात कोणाचा संकर आहे हे कोण सांगणार?

कापूर आणि टी-ट्री तेल चाटलं गेलं तर विषारी. लसूण खायला घालणंही वाईटच, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला हवी तर, वास छान येतो. घरातले गोचीड त्याने संपत नाहीत.

अंगावरचा काढायचा असेल तर चिमट्याने, कातडीला लागून तोंडाजवळ पकडून, सरळ वर ओढा. रॉकेल, पेटती काडी, टर्पेंटाइन यांनी तो चिडतो आणि पोटातलं जखमेत ओकतो. बोटांनी चिरडायची सवय असेल तर सोडा, कारण माणसालाही याच तपकिरी गोचिडापासून टिक टायफस होऊ शकतो. घरात कोणाला ताप आणि अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना घरी गोचीड झाल्याचं सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. शोधताना कानाच्या आत, पंज्यांच्या बोटांमध्ये, बगलेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघायचं.

गोचीडताप

हे सगळं खाजेपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. गोचिडातून कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले आजार होतात, दोन्ही आपल्याकडे नेहमीचे. जेवणाकडे पाठ, ताप, सुस्ती, हिरड्या फिकट पडणं, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, कॉफीच्या रंगाची लघवी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण 2 ते 5 लाखांच्या दरम्यान असतात, या तापात त्या झपाट्याने खाली येतात. पपईच्या पानांच्या रसावर दोन दिवस काढू नका, आणि घरातली माणसांची तापाची गोळी तर मुळीच देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या आतड्यातून रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं निकामी होतात.

इथेही ‘परत आला’ची तक्रार असते, आणि तिची कारणं दोन. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस द्यायचं असतं. पाचव्या दिवशी कुत्रं चापून जेवायला लागतं, आणि लोक गोळ्या थांबवतात. आजार दबतो, जात नाही. कोर्स पुरा करा, गोळी जेवणाबरोबर द्या. दुसरं कारण तपासणीचं आहे. किटवरची चाचणी शरीरातल्या प्रतिपिंडांवर चालते, आणि बरं झाल्यावरही ती प्रतिपिंडं महिनोन्‌महिने रक्तात राहतात. त्यामुळे दोन महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आलं म्हणजे ताप उलटलाच असं नाही. प्लेटलेट्स आणि कुत्र्याची तब्येत बघून डॉक्टर ठरवतील, हवी तर पीसीआर करून घेतील.

नवं पिल्लू आणताना

दत्तक घेताना पिल्लाचे कान उलटे करून बघा आणि ओठ वर करून हिरडीचा रंग बघा. गुलाबी हवा. पांढरट असेल तर घरी नेण्याआधी डॉक्टरांकडे. गोचीड असले म्हणून पिल्लू नाकारू नका, रस्त्यावरच्या पिल्लाला ते असायचेच. फक्त त्याला थेट सोफ्यावर नेऊ नका. पहिले काही दिवस बाथरूम किंवा फरशी उघडी असलेल्या एखाद्या खोलीत ठेवा, खाली जुनी चादर टाका आणि ती रोज उकळत्या पाण्यात टाका. फारच लहान असेल तर रोज चिमट्याने वेचणं आणि दाट दातांची फणी. फिप्रोनिलचा स्प्रे लहान पिल्लांनाही चालतो, किती फवारायचा ते मात्र डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. जंताचं औषध आणि लसींचं वेळापत्रक त्याच भेटीत लिहून घ्या.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. तुमचं घर साफ, कुत्र्याला गोळी चालू, आणि तरी पार्किंगमधून रोज दोन-चार येतात, म्हणजे वॉचमनच्या केबिनमागे झोपणाऱ्या कुत्र्यांवर आहेत आणि तिथल्या भिंतीत अंडी आहेत. कुत्री हाकलली तर गोचीड जात नाहीत. ते पार्किंगमध्येच राहतात, फक्त त्यांना चढायला आता तुमचं कुत्रं उरतं. गेटवरच्या दोन-तीन कुत्र्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने चिकनच्या तुकड्यातून गोळी द्यायची आणि पार्किंगच्या भिंती घराच्याच दिवशी फवारून घ्यायच्या. मीटिंगमध्ये वर्गणीला विरोध करणारा एक तरी निघतोच. त्याच्या गाडीच्या चाकामागे टॉर्च मारून त्याला भिंत दाखवा, मग तो आपणच विचारतो की किती द्यायचे.